पुण्याला बर्फाचं वेळापत्रक

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त दादाच्या फोनचं. आमचा पुतण्या (वय वर्षं १४) गेल्या वर्षापासून माउंटन बाइकच्या शर्यतींच्या नादाला लागलाय, हे नातेवाइकांपैकी बहुतेकांना ठाऊक आहेच. आता त्याच्यासाठी इंटरनेटवरून बारा आठवड्यांचा 'विंटर ट्रेनिंग प्लॅन' उतरवून घेतलाय, घरात ट्रेनर आलाय (म्हणजे शिकवणारा माणूस नव्हे, मागचं चाक काढून सायकल ज्याला अडकवतात ते यंत्र), आणि दादाचा प्रश्न असा की, "तू ऑस्लोला राहतोस, स्वतः शर्यती करतोस, हिवाळ्यात तुमच्याकडे काय करतात ते सांग." फोनवर सगळं सांगून झालं नाही. दादाला विचारूनच इथे लिहितोय, तेव्हा गैरसमज नको.

माझं मत आधीच सांगतो. तो प्लॅन पुण्यात चालवू नये. प्लॅन वाईट आहे म्हणून नाही, तो बर्फाचा आहे म्हणून.

इकडचा डिसेंबर कसा असतो ते बघा. एकवीस डिसेंबरला ऑस्लोत सूर्य सव्वानऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वातीन वाजायच्या आत मावळतो. म्हणजे नोकरी करणाऱ्याने सायकल चालवायची ती अंधारातच. रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं, ते साखळीला आणि गिअरच्या केबलला खाऊन टाकतं. बाटलीतलं पाणी गोठतं. तापमान उणे दहाच्या खाली गेलं की उतारावर बोटं इतकी बधिर होतात की ब्रेकवर हात आहे की नाही हे बघावं लागतं. इथल्या शर्यती साधारण मे ते सप्टेंबर. मधले महिने घालवायचे कसे, हा इथला खरा प्रश्न, आणि 'विंटर ट्रेनिंग' नावाचा सगळा प्रकार या अडचणीतून जन्माला आलाय. घरात बसून ट्रेनरवर पाय मारणं हा नाइलाज आहे हो, आदर्श नव्हे!

त्यातही इथली मंडळी काय करतात? बहुतेक जण सायकल बाजूला ठेवतात आणि पायाला स्की बांधतात. मेट्रोची एक नंबरची गाडी फ्रोग्नरसेतेरेनपर्यंत डोंगरावर चढते, आणि संध्याकाळी त्या गाडीत निम्म्या लोकांच्या हातात स्की असतात. वर जंगलात दिवे लावलेले मार्ग आहेत. ऑफिस सुटल्यावर दीड-दोन तास त्यावर घसरत जायचं, रविवारी उल्लेवोलसेतेरच्या विश्रांतिगृहापर्यंत जाऊन वाफल खायचं आणि परत यायचं. यात हात, पाठ, पोट, पाय सगळं कामाला लागतं, हृदयाला भरपूर व्यायाम होतो आणि डोकं सायकलपासून मोकळं राहतं. हल्ली खालच्या भागात बर्फ धड पडत नाही, मग नुसता चिखल आणि काच झालेला बर्फ. अशा वेळी खिळ्यांचे टायर लावून बाहेर पडतो. त्या बर्फावर एक गोष्ट फुकट शिकायला मिळते, ती म्हणजे हलका हात. पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की माणूस आडवा. दोन महिने असं चालवलं की मे महिन्यात ओल्या मुळांवरून जाताना काहीच वाटत नाही.

इथे बिर्केबाइनर नावाच्या शर्यती आहेत. १२०६ साली यादवीच्या काळात दोन योद्ध्यांनी राजाच्या तान्ह्या मुलाला, होकॉनला, भर हिवाळ्यात स्कीवरून डोंगर ओलांडून वाचवलं, त्याची ही आठवण. रेना ते लिलेहामर अशी ५४ किलोमीटरची स्कीची शर्यत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर त्या बाळाच्या नावाने साडेतीन किलोची पिशवी. (आपल्याकडे बाजीप्रभूंच्या वाटेवर पन्हाळा ते विशाळगड चालतात, तसाच भाव.) त्याच नावाची माउंटन बाइकची शर्यत १९९३ साली सुरू झाली. मार्चमध्ये स्कीवर दिसलेले चेहरेच ऑगस्टमध्ये सायकलवर दिसतात. वर्ष असं दोन पायांवर उभं असतं, त्यात ट्रेनर नावाची कुबडी अधूनमधून.

आता दुसरा मुद्दा, वेगाचा. दादाने पाठवलेल्या प्लॅनमध्ये आठवड्यातून चार दिवस 'जोर लावून' आहेत. तिथे मी थबकलो. स्टीफन सायलर नावाचे एक अमेरिकन संशोधक बरीच वर्षं नॉर्वेत, क्रिस्तियानसांदला काम करतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००६ साली इथल्या ज्युनियर स्कीपटूंच्या सरावाची मोजदाद प्रसिद्ध केली. निघालं काय, तर ही पोरं साधारण तीन चतुर्थांश सराव अगदी आरामात, गप्पा मारता येतील अशा वेगाने करत होती. उरलेल्यातला बराचसा एकदम कडक. मधला 'बऱ्यापैकी दम लागतो' असा वेग त्यांनी जवळपास टाळलेला. आणि गंमत म्हणजे हौशी माणूस नेमका त्या मधल्या वेगात आयुष्य काढतो. घाम येतो, समाधान वाटतं, थकवा साचतो, आणि कडक सरावाच्या दिवशी पाय उचलत नाहीत.

संथ चालवून काय होतं, असं पुतण्याने विचारलंय. सांगतो. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, चरबी जाळून काम करायची सवय लागते. हे सगळं महिन्या-महिन्यांनी, वर्षा-वर्षांनी होतं. कडक सरावाचा फायदा काही आठवड्यांत दिसतो, आणि तितक्याच लवकर थांबतोही. म्हणून तो शर्यतीच्या तोंडावर. ऑलिंपिक पद्धतीची मोठ्यांची क्रॉस कंट्री शर्यत साधारण दीड तासाची असते आणि त्यात सुरुवातीलाच जीव खाऊन पळावं लागतं हे खरं. पण शेवटच्या फेरीत चढावर कोण टिकतं, ते त्या कंटाळवाण्या महिन्यांवर ठरतं.

घाई किती करावी? स्वित्झर्लंडचा नीनो शुर्टर २००४ मध्ये ज्युनियर विश्वविजेता झाला. ऑलिंपिकमध्ये २००८ ला कांस्य, २०१२ ला रौप्य, २०१६ ला सुवर्ण. म्हणजे ज्युनियर गटात जगात पहिला आलेल्या पोरालाही वरच्या पायरीवर जायला बारा वर्षं लागली. आणि आपल्याला बारा आठवड्यांत काय करायचंय?

नॉर्वेत तर मुलांच्या खेळाचे नियमच आहेत. क्रीडा महासंघाने १९८७ साली ते केले आणि पुढे २००७ साली मुलांचे हक्क म्हणून मांडले. मूल अकरा वर्षांचं होण्याआधी शर्यतीचे क्रमांक लावायचे नाहीत, राष्ट्रीय अजिंक्यपद वगैरे तेरानंतर. सुरुवातीला मला हे फार मिळमिळीत वाटायचं. आपण पडलो बोर्डाच्या परीक्षेतल्या टक्क्यांवर वाढलेले! पण एवढ्याशा देशाकडे हिवाळी ऑलिंपिकची पदकं बघा. क्रमांक न लावता वाढवलेली पोरंच ती आणतात. नियमांमुळेच पदकं येतात असं मी म्हणणार नाही (बर्फ आहे, पैसा आहे, सवय आहे), पण नियमांनी नुकसान केलं नाही एवढं नक्की.

पुन्हा पुण्याकडे येतो. सह्याद्रीत सायकल चालवायचे सर्वात सुंदर दिवस कुठले? ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. माती घट्ट, हवा कोरडी, सकाळी बोपदेव घाटात स्वेटर लागतो आणि वर पोचेपर्यंत काढावा लागतो. पानशेतकडचा रस्ता, सिंहगडाचा पायथा, टेकड्यांच्या पायवाटा. आणि अशा दिवसांत पोरगं पंख्याखाली भिंतीकडे तोंड करून पाय मारतंय, कारण कुठल्याशा बर्फाळ गावातल्या प्रशिक्षकाने डिसेंबर म्हणजे घरात असं लिहिलंय! तुमचा 'हिवाळा' म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर निसरडं, चिखल, धुकं, दरडी. ट्रेनर काढायचाच तर तेव्हा काढा. व्यायामशाळा, दोरीच्या उड्या, पोहणं, फुटबॉल, सगळं तेव्हा. दिवाळीपासून बाहेर. इकडच्या प्लॅनचे महिने सरळ पाच-सहाने सरकवा, मग त्यातला बराचसा भाग उपयोगी पडेल.

उड्या आणि धावणं हे मी उगाच नाही म्हणत. सायकलवर हाडांवर शरीराचं वजन पडत नाही. फक्त सायकलच चालवणाऱ्यांची हाडं, विशेषतः रस्त्यावरच्या सायकलपटूंची, तुलनेने विरळ आढळतात. वाढत्या वयात हाडांना धक्का लागतो तो पळण्या-उड्या मारण्यातून. इथे ते काम थोडंफार स्की आणि बरंचसं व्यायामशाळा करते, तिथे खोखो करेल. (पुतणेबुवा, खोखो 'अनकूल' नाहीये. त्यात जे वळणं आणि थांबणं आहे ते सायकलच्या पोराला सोन्यासारखं.)

आता जे फोनवर नीट बोलता आलं नाही ते. दादा, त्या प्लॅनच्या शेवटी 'वजन उतरवा, चढाला फायदा' असं एक पान आहे आणि वहिनी म्हणाली की पोराने रात्रीचा भात बंद केलाय. माझं याला ठाम नाही. प्रौढ व्यावसायिक खेळाडू डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ बरोबर घेऊन जे करतो, ते चौदा वर्षांच्या, उंची वाढत असलेल्या मुलाने करायचं नसतं. सरावात खर्च जास्त आणि ताटात कमी, असं बरेच दिवस चाललं की शरीर इतर खर्च कापायला लागतं. वाढ, हाडं, हार्मोन्स, प्रतिकारशक्ती, झोप. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या प्रकाराला स्वतंत्र नाव दिलं आणि त्यानंतर दोनदा त्यावर सविस्तर भूमिका मांडली. मुलींनाच होतं असा जुना समज होता, मुलांनाही होतं. त्याचं चढावरचं वजन पुढच्या दोन वर्षांत वाढणारच आहे, वाढायलाच हवं, आणि त्याबरोबर ताकदही येईल. ते पान फाडून टाक.

दादाचं यावर म्हणणं असं की त्याच्या बरोबरीची मुलं हे सगळं करतायत, मग हा मागे नाही का पडणार? पडेल, कदाचित या वर्षी पडेलही. चौदाव्या वर्षी जिंकणारी बरीच मुलं लवकर वयात आलेली असतात, एवढाच त्यांचा मोठेपणा असतो. अठराव्या वर्षी बाकीचे त्यांना गाठतात, जर तोवर सायकलवर असले तर.

तर ट्रेनर घडी घालून माळ्यावर, रविवारी सकाळी साडेसहाला बोपदेव. दादाने बरोबर जावं, त्याचंही पोट सुटलंय :-) संध्याकाळी भात. पुढच्या आठवड्यात खिळ्यांच्या टायरचे फोटो टाकतो, पुतण्याने मागितलेत.