प्रपंच आणि प्रवास : हालाँगच्या उपसागरात एक रात्र

नाशिकच्या एका भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांच्या सासऱ्यांचे सहस्रचंद्रदर्शन यंदा आश्विनात येते. शांती, होम, जेवणावळ हे सर्व घरी यथासांग होईलच. परंतु तिघा मुलांच्या मनात त्याखेरीज आणखी एक बेत आहे. व्हिएतनामातील हालाँगच्या उपसागरात एखाद्या उत्तम नौकेवर सर्व कुटुंबाने मिळून कोजागरीची रात्र काढावी. मंडळी एकंदर अकरा, त्यांत मुले तीन. जाहिराती पाहून पाहून सर्वांची मती गुंग झाली आहे. प्रत्येक नौका स्वतःस सर्वोत्तम म्हणविते. तेव्हा निवड कशी करावी, असा भगिनींचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे, एक वाक्य आहे : "सासूबाई मात्र काहीच बोलत नाहीत." आमचे उत्तर पुष्कळसे त्या वाक्याकरिताच आहे.

प्रथम स्थळाविषयी. हनोईपासून मोटारीने सुमारे अडीच तासांवर हा उपसागर आहे. 'हालाँग' म्हणजे खाली उतरणारा नाग, आपण ज्यास ड्रॅगन म्हणतो तो. शत्रूची जहाजे चालून आली असता त्याने मुखातून रत्ने टाकली आणि त्यांचीच ही बेटे झाली, अशी तेथील कथा आहे. भूगर्भशास्त्रज्ञांचे म्हणणे निराळे. चुनखडीचे डोंगर कोट्यवधी वर्षे पावसाने झिजले, आणि शेवटल्या हिमयुगानंतर समुद्र चढला तेव्हा त्यांच्या दऱ्या बुडून माथे तेवढे वर राहिले. असे माथे हजार साडेनऊशेंहून अधिक आहेत. १९९४ साली युनेस्कोने या स्थळास जागतिक वारशाचा मान दिला आणि २०२३ साली शेजारचा कातबा द्वीपसमूहही त्यात जोडला. बेटांच्या या गर्दीमुळे लाटा आत पोहोचत नाहीत. पाणी बहुधा तळ्यासारखे असते. बोट लागण्याची भीती म्हणून कोणी मागे राहावयाचे कारण नाही.

आता पहिली निवड नौकेची नव्हे, पाण्याची करावयाची. मूळ हालाँगमध्ये प्रसिद्ध गुहा आहेत आणि तितकीच गर्दीही. बोहोन बेटावरील सुंगसोत गुहा भव्य खरी. परंतु तिच्या पायऱ्यांवर माणसांची रांग लागलेली असते. तितोव बेटाच्या माथ्यावरून उपसागर फार सुंदर दिसतो. हे बेट १९६२ साली होचिमिन्ह यांच्यासमवेत तेथे आलेल्या रशियन अंतराळवीराच्या नावाचे आहे. मात्र तेथेही चारशेंच्या घरात पायऱ्या आहेत. दक्षिणेस कातबा बेटालगत लानहा नावाचे पाणी आहे. तेथे नौका कमी, वाळूचे लहान किनारे अधिक. ईशान्येस बाइतूलाँग, तेथे वुंगव्यांग या जुन्या कोळीवस्तीत स्थानिक माणसे बांबूच्या होड्यांतून वल्हवीत फिरवून आणतात. पाण्यावरील अशा वस्त्यांतील बहुतेक कुटुंबांस सरकारने २०१४ साली जमिनीवर नेले, म्हणून जाहिरातीत 'तरंगते गाव' असे वाचून गजबजलेल्या गावाची अपेक्षा करू नये. ऐंशी वर्षांच्या गृहस्थांकरिता आम्ही बाइतूलाँग किंवा लानहा यांपैकीच एक निवडू. त्यांस होडीत बसवून फिरविता येईल. पायऱ्या चढविणे कशास हवे?

'दोन दिवस, एक रात्र' या शब्दांचा हिशेब नीट करावा. नौकेवर चढावयाचे दुपारी बाराच्या सुमारास आणि उतरावयाचे दुसऱ्या दिवशी दहा-अकरास. म्हणजे जेमतेम तेवीस तास. त्यांतील पहाट तरुणांच्या सूर्योदयात आणि डेकवरील चिनी व्यायामात जाते, तर उरलेली सकाळ आवराआवरीत. रात्री नौका चालत नाहीत. ठरवून दिलेल्या जागी नांगर टाकून उभ्या राहतात. दोन रात्रींचे भाडे दुप्पट नसते, आणि मधला एक संपूर्ण दिवस निवांत मिळतो. वृद्ध माणसांस सामानाची उघडझाक एकदाच करावी लागते, हा लाभ जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

ऋतूची निवड मुलांनी, कळत किंवा नकळत, उत्तम केली आहे. हालाँग साधारण धुळे-जळगावच्या अक्षांशावर आहे. परंतु ईशान्येच्या वाऱ्यामुळे माघ-फाल्गुनात तेथे धुके आणि बारीक पाऊस असतो, बेटे दिसता दिसत नाहीत. ज्येष्ठ ते भाद्रपद वादळांचे दिवस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश बहुधा स्वच्छ आणि हवा सुखद असते. कोजागरीच्या चंद्राबद्दल मात्र एक गंमत सांगतो. आपल्या कोकणात दिवसातून दोनदा भरती येते. तोंकिनच्या आखातात ती बहुधा एकदाच येते. शिवाय तिचा जोर पौर्णिमा-अमावास्येवर नव्हे, तर मुख्यतः चंद्राच्या क्रांतीवर अवलंबून असतो. चंद्र विषुववृत्तावर असला म्हणजे तेथील भरती जवळजवळ नाहीशीच होते. हा चमत्कार सतराव्या शतकातच युरोपात पोहोचला होता आणि न्यूटनने आपल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात त्याचा विचार केला आहे. सासऱ्यांस पंचांगाची आवड असल्यास त्यांच्याशी हा विषय काढावा. व्यवहारातही त्याचा उपयोग आहे : काही गुहांच्या कमानी इतक्या ठेंगण्या आहेत की होडी आत नेणे भरती-ओहोटीच्या वेळेवर ठरते.

सुरक्षिततेविषयी आडपडदा न ठेवता लिहितो, कारण सासूबाईंच्या मौनाचे एक कारण ते असावे. फेब्रुवारी २०११ मध्ये पर्यटकांची एक मुक्कामी नौका पहाटे, प्रवासी झोपेत असता, नांगरलेल्या जागीच बुडाली आणि बाराजण दगावले. जुलै २०२५ मध्ये दिवसाची फेरी करणारी एक नौका अकस्मात आलेल्या वादळी पावसात उलटून पस्तीसहून अधिक लोक मृत्यू पावले. त्याआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, यागी वादळाने धक्क्यास बांधलेल्या कित्येक नौका बुडविल्या होत्या. हे वाचून जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. दर रात्री पुष्कळ नौका सुखरूप उभ्या असतात. परंतु पैसे भरण्यापूर्वी पुढील गोष्टी पत्राने विचाराव्यात आणि लेखी उत्तर घ्यावे. नौकेचा सांगाडा पोलादी की लाकडी? ती कोणत्या साली बांधली? जीवरक्षक जाकिटे खोलीतच आहेत काय, आणि मुलांच्या मापाची आहेत काय? बंदराच्या अधिकाऱ्यांनी हवामानामुळे फेरी थांबविली तर पैसे परत की पुढली तारीख? ज्या कंपनीस हे प्रश्न विचित्र वाटतील, तिचे तरणतलाव कितीही निळे असोत, तिच्याकडे पाठ फिरवावी. हनोईत एक मोकळा दिवस हाती ठेवावा, म्हणजे फेरी रद्द झाल्यास विमान चुकेल या धास्तीने कोणी हट्ट धरणार नाही.

आता 'ऐषआरामी' या विशेषणाकडे वळू. माणशी दोनशे डॉलरांच्या पुढे गेले की नौकेवर न्हाणीटब, सज्जा, वाद्यवादन, कधी गच्चीवर पोहण्याचा हौदही मिळतो. (चहूकडे समुद्र असता हौद कशास, हे आम्हांस उमगलेले नाही.) ताऱ्यांच्या संख्येवर फार विसंबू नये. आम्ही दोन वर्षांमागे थोरल्या भगिनींस घेऊन गेलो होतो. चित्रात दाखविलेली नौका 'दुरुस्तीस गेली' म्हणून दुसरी मिळाली, आणि तिच्यात आमची खोली सर्वांत खालच्या मजल्यावर, यंत्रघराच्या भिंतीस लागून. यंत्र रात्रभर घुरघुरत होते. आक्का सकाळी म्हणाल्या, "अरे, समुद्र कसला? मला तर गिरणीत निजल्यासारखे वाटले." तेव्हापासून आमचा नियम असा : नौकेचे नाव, मजला आणि खोलीचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा, खोली मधल्या मजल्यावर, यंत्रापासून दूर असावी. सज्जा असलेली एक खोली वडील मंडळींस द्यावी आणि बाकीच्यांनी साध्या खोल्यांत राहावे. सर्वांस सारखा थाट हवा हा हट्ट कर्जाकडे नेतो. अकरा माणसांस पाच-सहा खोल्या लागतील, म्हणजे पंधरा-वीस खोल्यांची लहान नौका बरी. मोठ्या जहाजावर स्वयंपाक्यास गाठून चार शब्द सांगणे कठीण.

आणि स्वयंपाक्यास सांगावे तर लागेलच. तेथील रांधपात माशांचा आंबवलेला रस इतका सर्रास असतो की दिसावयास शुद्ध भाजी असली तरी तो तीत असू शकतो. 'अन चाय' एवढे दोन शब्द पाठ करावे. बौद्ध व्रताचे शाकाहारी जेवण असा त्यांचा अर्थ आहे. व्रतस्थ बौद्ध कांदा-लसूणही वर्ज्य करतात, म्हणून ही कल्पना समजावयास तेथील माणसांस आपल्याकडील खानसाम्यापेक्षा कमी वेळ लागतो. अंड्याचे मात्र स्वतंत्र सांगावे. रात्री प्रवाशांस गळाने माकूळ धरावयास बोलावतात. ज्यांस नको त्यांनी गच्चीच्या दुसऱ्या टोकास बसावे. कोजागरीचे दूध करावयाचे असेल तर केशर, बदाम, वेलदोडे, दुधाची भुकटी घरून न्यावी. गरम पाणी आणि पातेले कोणीही देईल.

राहता राहिल्या सासूबाई. त्या बोलत नाहीत याचा अर्थ मुलांनी 'हरकत नाही' असा घेतला आहे, असे पत्रावरून दिसते. आम्हांस तसे वाटत नाही. कित्येक नौका धक्क्यास लागत नाहीत; लहान होडीतून जाऊन, हलत्या पायरीवर पाऊल टाकून वर चढावे लागते. दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईस ती एक पायरी सबंध समुद्राहून मोठी वाटते, आणि ती चारचौघांत सांगण्याची लाज त्याहून मोठी. सहस्रचंद्रदर्शनाच्या संकल्पात यजमानांसमवेत त्या बसणार. मग बेतात त्यांचे मत का नसावे? तेव्हा भगिनींनी एखाद्या दुपारी, पुरुषमंडळी घरात नसता, भाजी निवडता निवडता विचारावे. कारण गुडघ्यांचे निघाले तर धक्क्यास थेट लागणारी नौका शोधावी आणि तसे लेखी मागावे. कारण बुडण्याच्या बातम्यांचे असेल तर वरील प्रश्नांची आलेली उत्तरे त्यांस वाचून दाखवावीत. आणि त्यांस हे सारे नकोच असेल, तर कातबा बेटावर पाण्याकाठी हॉटेले आहेत. तेथे निजून दिवसा चार तासांची होडी करता येते, आणि चंद्र तेथूनही तोच दिसतो. खर्चही निम्म्याहून कमी.

उत्तर काय येते ते भगिनींनी कळवावे. आगाऊ पैसे भरण्याची घाई तोवर करू नये.