कापसाचा काटा आणि बाईचा रोज

दसरा सरला की पैठण-गंगापूरपासून सिल्लोड-सोयगावपर्यंत आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातली काळी रानं पांढरी होतात. सकाळी भाकरी बांधून बाया रानात जातात, कमरेला ओटी बांधतात आणि दिवसभर वाकून कापूस वेचतात. वाळल्या बोंडाच्या टोकांनी बोटे फाटतात. सांजेला काटा टांगला जातो आणि किलोच्या हिशेबाने पैसे हातावर पडतात. या काट्याजवळ उभे राहून आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंशी आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत. ते कडू लागतील. पण औषध गोड कोठे असते?

सांजेचा हा काटा जुना आहे. १८६० साली अमेरिकेत सुमारे चाळीस लक्ष काळी माणसे गुलाम होती. त्यांतली पुष्कळ कापसाच्या मळ्यांत राबत, बाया आणि पुरुष दोन्ही. तेथेही सांजेला कापूस मोजत. भरला नाही तर पाठीवर चाबूक पडे. त्या कापसावर इंग्लंडच्या गिरण्या चालल्या. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी माजली, माल तुटला, तेव्हा इंग्रजाला आमच्या रानाची आठवण झाली. भाव चढले, लढाई संपताच कोसळले. व्यापारी कमावून बसला आणि शेतकरी कर्जात राहिला. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती ह्या काळ्या माणसांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांस. पुण्यात बसून जोतीरावांनी ओळखले की तिकडचा जुलूम आणि इकडचा जुलूम सख्खे भाऊ आहेत.

आता आजचे पाहा. अमेरिकेचे सरकार आपल्या कापूसवाल्यांस भरभक्कम मदत देते, त्यामुळे जगाचा भाव पडतो. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेत ही मदत बंद करा म्हणून मागणी केली. ब्राझीलनेही २००२ साली फिर्याद केली होती. ब्राझील दांडगा, उलट जकात बसवण्याची धमकी देऊ शकत होता. त्याच्याशी अमेरिकेने २०१४ साली तीस कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आफ्रिकेच्या चौघांस असे पैसे कोणी मोजले? ज्याच्या हाती काठी, त्याचीच दाद! आमच्याकडेही २०२५ च्या ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत परदेशी कापसावरची ११ टक्के जकात उठली, ती नेमकी आमचा माल बाजारात यावयाच्या वेळी.

हे ऐकून आमच्या शेतकऱ्याचे रक्त तापते. तापलेच पाहिजे. पण बंधूंनो, आपल्या बांधावर काय चालले आहे? निंदणी-खुरपणीच्या बाईला एक रोज आणि पुरुषाला दुसरा, तो चढा. विचारले तर उत्तर तयार: “बाईचे काम हलके.” हलके? मग एक दिवस ओटी बांधून वाका पाहू! खरी गोष्ट उलटी आहे. काम हलके म्हणून बायांकडे आले नाही. बायांकडे आले म्हणून हलके ठरले. जातीने तरी आमच्या बापजाद्यांस दुसरे काय केले? घाम आमचा, आणि त्याची किंमत ठरवणार दुसरा.

१९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला; तोच पुढे २०१९ च्या वेतन संहितेत आला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आहे. परंतु कायदा म्हणतो, सारख्या कामाला सारखा दाम. वेचणीला बहुतेक बायाच, मग त्यांची तुलना करावी कोणाशी? पळवाट ही अशी. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने बाई-पुरुषास एकच दर ठेवला, तेव्हा आभाळ कोसळले नाही.

कोणी म्हणेल, “कापसालाच भाव नाही, मजुरी कोठून देऊ?” अडचण खरी आहे, आम्ही ती नाकारीत नाही. बियाणे, खत, फवारणी यांचे बिल मात्र तुम्ही दुकानदारास पुरते चुकवता. मग टंचाई दर वेळी बाईच्याच ओटीत का येते? वरचा आमच्यावर ढकलतो, आम्ही खालच्यावर ढकलतो. सर्वांत खाली घरची लक्ष्मी, जी फुकट राबते आणि सातबाऱ्यावर नसते. नवरा गेला म्हणजे कचेरीत तिला पहिला प्रश्न, “शेत कोणाच्या नावावर?”

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. या हंगामापासून आपल्या रानात एकच रोज द्या. काट्याचा आकडा वेचणारीला स्वतः पाहू द्या. सातबाऱ्यावर बायकोचे नाव चढवा. आणि मग छाती पुढे काढून कापसाच्या भावासाठी सरकाराशी, जगाशी भांडा. त्या भांडणात आम्ही तुमच्यापुढे चालू. पण घरात दोन काटे ठेवून बाजारात एका काट्याचा न्याय मागणाऱ्याची दाद कोण घेणार?