वारसा विकणे आहे : जुन्या उपाहारगृहांच्या भिंती आणि आपला विसराळूपणा

१/ ‘जीर्णोद्धार केलेली ऐतिहासिक वास्तू, रेस्टॉरंट आणि बारसह, विक्रीस उपलब्ध’ अशा आशयाच्या जाहिराती अलीकडे वारंवार दृष्टीस पडतात. त्यांत छताची उंची असते, सागवानी जिन्याचे वर्णन असते, चौरस फुटांचा हिशेब असतो आणि ‘हेरिटेज’ हा शब्द दोन-तीनदा तरी येतो. नसतो तो फक्त इतिहास. हा धागा त्या गैरहजर इतिहासाविषयी आहे. धागा मोठा आहे, शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

२/ माझे प्रतिपादन आरंभीच मांडतो. उपाहारगृह वा मद्यगृह ही नुसती इमारत नव्हे. ती एक सामाजिक संस्था आहे. तिथे कोणाला प्रवेश होता, कोणाला नव्हता, कोण वाढत होते, परवाना कोणाच्या नावे होता, पेल्यातला माल कुठून येत होता, या प्रश्नांची उत्तरे म्हणजे तिचा इतिहास. ही उत्तरे पुसून केवळ कमानी आणि कठडे घासूनपुसून उजळ करणे याला मी जतन म्हणणार नाही. ती विक्रीची पूर्वतयारी आहे.

३/ पहिले उदाहरण मुंबईच्या काळा घोडा परिसरातील वॉटसन्स हॉटेलचे. १८६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये घडवलेला ओतीव लोखंडाचा सांगाडा जहाजाने आणून ही इमारत उभी करण्यात आली. तळमजल्यावर उपाहारगृह आणि बार होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ इथेच झाला. त्याच वर्षी मार्क ट्वेनही इथे उतरला होता.

४/ पण या वास्तूविषयी सर्वाधिक पसरलेली गोष्ट कोणती? जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून १९०३ साली ताजमहाल हॉटेल उभे राहिले, ही. या कथेला समकालीन भक्कम पुरावा मिळत नाही आणि अनेक अभ्यासक ती दंतकथाच मानतात. तरीही ती टिकली, कारण तिने वर्णभेदाच्या एका खऱ्या व्यवस्थेचे रूपांतर एका धनाढ्य गृहस्थाच्या मानापमानात केले. ज्या हजारोंना उंबऱ्यापाशी जाण्याचीही सोय नव्हती, ते या गोष्टीत कुठेच नाहीत.

५/ ‘एस्प्लनेड मॅन्शन’ या नावाने पुढे त्या इमारतीचे काय झाले? आत लहान-लहान गाळे पाडले गेले, देखभाल थांबली, २००५ साली एक भाग कोसळला. २००६ च्या जागतिक धोकाग्रस्त वारसास्थळांच्या यादीत तिचे नाव लागले आणि २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी करण्यात आली. यादीत नाव येणे आणि वास्तू वाचणे यांत किती अंतर असते, ते इथे दिसते.

६/ तिच्यापासून चालत काही मिनिटांवर ‘वेसाइड इन’ नावाचे उपाहारगृह होते. कवी अरुण कोलटकर तिथे वर्षानुवर्षे नियमाने बसत आणि समोरच्या चौकाकडे पाहत. त्या पाहण्यातून ‘काळा घोडा पोएम्स’ हा संग्रह आकाराला आला आणि २००४ साली प्रसिद्ध झाला. ते उपाहारगृह आज नाही. इमारत उभी आहे. पण कवीला एका चहावर तासन्‌तास बसू देणारी बैठक गेली. कोणत्याही विक्रीखतात त्या बैठकीचा रकाना नसतो.

७/ योगायोग पाहा. ज्या पुतळ्यावरून ‘काळा घोडा’ हे नाव पडले, तो राजा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला गेला. २०१७ साली त्या परिसरात नवा घोडा बसवला, तोही स्वाराविना. वसाहतीच्या राजाला पुन्हा न बसवणे योग्यच झाले. परंतु जीर्णोद्धारित उपाहारगृहे पाहताना मला तो रिकामा घोडा आठवतो. इथे मात्र उतरवलेला स्वार राजा नसतो; तो गल्ल्यावरचा इराणी असतो, वाढपी असतो, रोजचे गिऱ्हाईक असते.

८/ इराण्यांचेच घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणातून आलेल्या झरथुष्ट्री स्थलांतरितांनी मुंबई-पुण्यात उपाहारगृहे थाटली. लिओपोल्ड १८७१ चे, कयानी १९०४ चे, ब्रिटानिया १९२३ चे. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बन-मस्का. जातिनिहाय पंगतींच्या समाजात वेगवेगळ्या जातिधर्मांची माणसे एकाच टेबलाशी येण्याची शक्यता या दुकानांनी वाढवली. तीच खुर्ची आज ‘व्हिंटेज’ म्हणून महाग विकली जाते, आणि तिच्यावर शेजारी कोण बसत होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही.

९/ आता बारकडे वळू. ‘परमिट रूम’ ही पाटी आपण रोज वाचतो. ती स्वतःच एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आणली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यातील काही कलमे १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली, पण कायदा टिकला. पुढे बंधने सैल झाली, तरी पिण्यास परवाना लागतो हे तत्त्व राहिले. म्हणजे महाराष्ट्रातला प्रत्येक बार आजही एका दारूबंदी कायद्याच्या छत्राखाली चालतो. हा विरोधाभास कोणत्या जाहिरातीत वाचलात?

१०/ बार हा केवळ मुंबईचा विषय आहे असे वाटत असेल, तर माझ्या जिल्ह्यात या. गांधीजींच्या अटकेनंतर, ८ मे १९३० रोजी, सोलापुरात रूपाभवानी परिसरातील शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह झाला. अटकसत्र, जमाव, गोळीबार असा तो दिवस गेला. शंकर शिवदारे हा तरुण हुतात्मा झाला. पाठोपाठ शहरात लष्करी कायदा आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आली.

११/ शिंदीचीच झाडे का? कारण १८७८ च्या आबकारी कायद्यापासून ताडी, माडी, शिंदी यांवरचा कर हा मुंबई सरकारच्या उत्पन्नाचा मोठा झरा होता. झाडावरची कुऱ्हाड सरकारी तिजोरीवर पडत होती. मद्याचा इतिहास हा चैनीचा इतिहास नाही; तो महसुलाचा, सत्तेचा आणि प्रतिकाराचा इतिहास आहे. सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावे चौकाला देणाऱ्या आपण हा धागा मात्र कधी जोडला नाही.

१२/ मी माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरचा. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने हा भाग उसाचा झाला. शेजारी माळीनगरला १९३२ साली सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभारला. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने श्रीपूरला कारखाना चालवला. उसापासून साखर, साखरेमागे उरते ती मळी आणि मळीपासून मद्यार्क. आपल्याकडे ‘व्हिस्की’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा मालाचा पाया धान्य नसून हीच मळी असते. गळीत हंगामातला तिचा आंबूस वास हे माझ्या बालपणाचे हवामान आहे.

१३/ म्हणून मुंबईतल्या एखाद्या जीर्णोद्धारित बारचे छायाचित्र पाहिले की मला त्या पितळी कठड्यामागे उसाची मोळी डोक्यावर घेतलेली बीडची कोयत्यावरची बाई दिसते. तिचा कोयता, कालव्याचे पाणी, कारखान्याची आसवनी, आबकारीचा शिक्का आणि शेवटी तो चकचकीत पेला, ही एकच साखळी आहे. आपण शेवटच्या कडीला ‘वारसा’ म्हणतो, उरलेल्या साखळीला ‘ग्रामीण प्रश्न’. ही विभागणी अज्ञानातून आलेली नाही, सोयीतून आलेली आहे.

१४/ या सोयीचे सर्वांत उघडे रूप गिरणगावात दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या आवारांत उपाहारगृहे, बार, मॉल आले. फिनिक्स मिलची चिमणी शोभेची वस्तू झाली. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. आणि ज्या खाणावळवाल्या बायकांनी त्या कामगारांना जेवू घातले, १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले, त्यांच्या दहा बाय दहाच्या खोल्या कोणत्या वारसायादीत आहेत?

१५/ कायदा काय म्हणतो? बृहन्मुंबईसाठी १९९५ साली वारसा नियमावली आली. वास्तूंचे प्रथम, द्वितीय, तृतीय असे दर्जे ठरले. ते मोठेच पाऊल होते. परंतु या नियमांचे लक्ष दर्शनी भाग, बांधणी आणि परिसर यांवर असते. आत ऐंशी वर्षे चालणारे उपाहारगृह उद्या आलिशान कपड्यांचे दालन झाले, तरी दर्शनी कमान शाबूत असली की वारसा ‘सुरक्षित’. भिंतीला दर्जा मिळतो, भिंतीआड चाललेल्या जगण्याला मिळत नाही.

१६/ याहून वेगळे करता येते. लंडनच्या नन्हेड भागातील ‘आयव्ही हाउस’ हे जुने मद्यगृह विक्रीस निघाले, तेव्हा रहिवाशांनी २०११ च्या स्थानिकता कायद्याखाली ते ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून नोंदवून घेतले, खरेदीसाठी अवधी मिळवला आणि २०१३ मध्ये ते स्वतःच विकत घेतले. सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ पासून जुन्या व्यवसायांची स्वतंत्र नोंदवही आणि अनुदान सुरू केले. दोन्हीकडे प्रश्न विचारला गेला तो असा : इमारतीचे नव्हे, वापराचे काय?

१७/ यावर दोन आक्षेप येतील. पहिला : मालकाने तोटा सोसत बसावे का? मुळीच नाही. विक्रीला माझा विरोध नाही. जुन्या भाड्याचे वाद, वाढता खर्च, पुढच्या पिढीची अनिच्छा ही खरी दुखणी आहेत. पण ‘ऐतिहासिक’ या शब्दामुळे किंमत वाढत असेल, तर त्या इतिहासाचा पुरावा देण्याची जबाबदारीही विकणाऱ्यावर येते. सोन्यावर छाप लागते, तुपाला शुद्धतेची कसोटी लागते. इतिहास तेवढा बिनछापाचा चालतो.

१८/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : दारूच्या अड्ड्याचे कसले जतन? माझ्याच भागात दारूने मोडलेली घरे मी पाहिली आहेत. गावातले दुकान बंद करण्यासाठी मतदानाला उतरून ‘आडवी बाटली’ निवडणाऱ्या बायकांची बाजू मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच सांगतो, त्या बायकांचे मतदान हाही बारचाच इतिहास आहे. इतिहास लिहिणे म्हणजे आरती ओवाळणे नव्हे. पंचनामा करायचा तर घटनास्थळ शाबूत लागते.

१९/ मागणी तीन गोष्टींची. एक : वारसायादीतील उपाहारगृह वा मद्यगृह विकण्यापूर्वी त्याचे दस्तऐवजीकरण सक्तीचे व्हावे, परवाने, हिशेबवह्या, दरपत्रके, छायाचित्रे आणि कामगारांच्या मुलाखती अभिलेखागारात जाव्यात. दोन : विक्रीपूर्वी कामगारांना आणि रहिवाशांना खरेदीची पहिली संधी मिळावी, तीही ठरावीक मुदतीत. तीन : दीर्घकाळ चालणाऱ्या व्यवसायांची नोंदवही महाराष्ट्रात व्हावी, आणि तीत खाणावळी आणि चहाची दुकानेही असावीत.

२०/ शासन करील तेव्हा करील. आपण आज काय करू शकतो? पदव्युत्तर प्रबंधासाठी हा विषय मी सुचवला, तेव्हा ‘दारूच्या दुकानाचा कसला इतिहास’ असे उत्तर मिळाले होते. त्या उत्तरामागची शिस्त मला समजते. आपल्याला किल्ले, सनदा आणि लढाया यांचीच सवय लावली गेली आहे. पण शंभर वर्षांचा गल्ल्यावरचा जमाखर्च हाही मोडीतल्या बखरीइतकाच जबाबदारीने वाचण्याचा कागद आहे, आणि तो रद्दीत जायला एक दुपार पुरते.

२१/ म्हणून या धाग्याच्या वाचकांना एकच काम. तुमच्या गावातले सर्वांत जुने हॉटेल, खाणावळ, परमिट रूम किंवा अमृततुल्य शोधा. मालकाशी बोला, पण तिथेच थांबू नका. भांडी घासणाऱ्याशी, सर्वांत जुन्या वाढप्याशी बोला. त्यांच्या संमतीने आवाज ध्वनिमुद्रित करा, दरपत्रकाचे छायाचित्र घ्या, तारीख लिहा. आत कधीच न शिरलेल्यांनाही विचारा : तुम्ही का गेला नाहीत, की जाऊ दिले नाही?

२२/ पुढच्या वेळी ‘ऐतिहासिक रेस्टॉरंट आणि बार, विक्रीस उपलब्ध’ असे वाचाल, तेव्हा किमतीखाली एवढेच लिहा : ‘इतिहास कुठे आहे?’ उत्तर मिळाले, तर त्या वास्तूला नवा मालक मिळो, आनंदच आहे. नाही मिळाले, तर विकली जात आहे ती चुना आणि सागवानाची जागा. वारसा तिथून कधीच उठून गेला आहे, बिल न देता नव्हे, तर बिल कोणी विचारलेच नाही म्हणून.

धागा समाप्त. चुका असतील तर पुराव्यासह दाखवाव्यात. दुरुस्ती याच धाग्यात करीन.