शाई वाळते, टोनर वाळत नाही

संपादक महोदय,
घरच्या कामासाठी इंकटँक प्रिंटरच घ्यावा, कारण त्यात रंगीत पान काही पैशांत पडतं, हा आपल्या लेखातला सल्ला रोज छपाई करणाऱ्याला लागू पडतो. महिन्याकाठी दहा-पंधरा पानं काढणाऱ्याला तो महागात पडेल. इंकटँक हाही इंकजेटच, आणि इंकजेटच्या शाई फवारणाऱ्या हेडवरची छिद्रं केसाहूनही बारीक असतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात प्रिंटर काही आठवडे नुसता पडून राहिला, की त्यांत शाई वाळू लागते. पानावर पांढऱ्या रेघा उमटतात, कधी पिवळा रंग पार गायब होतो. मग हेड क्लीनिंग करायचं, आणि त्यात खेचलेली शाई कागदावर न येता आतल्या पॅडमध्ये जिरते. प्रतिपान खर्चात ती कोण धरतं? लेझरचा टोनर मुळातच कोरडी पूड. त्याला वाळण्याची भीती नाही.

रंगीत लेझर महाग, चार टोनरचा खर्च मोठा, फोटोही त्यावर इंकजेटइतके खुलत नाहीत, हे आक्षेप खरे आहेत. शिवाय टोनर कागदावर पक्का करणारा फ्यूझर तापताना वीज एकदम खेचली जाते, म्हणून लेझर प्रिंटर घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नये. पण आलेख, कोटेशन, प्रेझेंटेशन यांना फोटोची झळाळी लागतेच कुठे? बजेट तोकडं असेल तर साधा काळा-पांढरा लेझर घ्यावा आणि मोजकी रंगीत पानं झेरॉक्सच्या दुकानातून काढावीत. इंकटँक आधीच घेतला असेल, तर आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक पान जरूर छापावं.

– एक वाचक