गोळी सुरू झाली, थांबणार कधी?

पॅन्टोप्राझोल हे नाव ज्यांना माहीतही नाही, त्यांच्या घरातही ही गोळी सापडते. कुणी तिला गॅसची गोळी म्हणतं, कुणी पित्ताची, कुणी नुसतीच सकाळची गोळी. चिठ्ठी दातदुखीची असो, गुडघ्याची असो की तापाची, पेनकिलर आणि अँटिबायोटिकच्या जोडीला ती लिहिलेली असते. दुखणं पाच दिवसांत थांबतं, बाकीची औषधं संपतात, ही मात्र चालू राहते. पुढच्या पट्ट्या चिठ्ठीशिवायच मेडिकलमधून येत राहतात. दोन-तीन वर्षांनी ‘ही कशासाठी घेता?’ असं विचारलं तर नेमकं उत्तर कुणाकडेच नसतं. ही गोळी का सुरू केली आणि कधी थांबवायची, या दोन्ही गोष्टी चिठ्ठीवर लिहिल्याच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

औषध वाईट आहे, असं मी म्हणत नाही. उलट, आधुनिक वैद्यकातल्या मोठ्या देणग्यांपैकी हे एक आहे. एके काळी पोटातल्या अल्सरसाठी जठराचा भाग कापून काढण्याच्या शस्त्रक्रिया सर्रास होत. १९७६ मध्ये सिमेटिडिन आलं, १९८८ मध्ये ओमेप्राझोल, १९९४ मध्ये पॅन्टोप्राझोल, आणि त्या शस्त्रक्रिया दुर्मीळ होत गेल्या. बहुतेक अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलं. त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. आज तो जंतू घालवण्यासाठी साधारण १४ दिवस अँटिबायोटिक्सबरोबर हीच गोळी देतात. अन्ननलिकेला आम्लाने जखमा झाल्या असतील तर ४ ते ८ आठवड्यांच्या कोर्सने त्या बहुतेकांच्या भरून येतात.

जठराच्या आतल्या अस्तरात आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. गोळीतलं औषध रक्तातून तिथे पोहोचतं, आम्लातच सक्रिय होतं आणि चालू असलेल्या पंपाला कायमचं चिकटून तो बंद पाडतं. जेवणामुळे पंप चालू होतात, म्हणून गोळी खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. नाश्त्यानंतर किंवा रात्री आठवेल तेव्हा घेतली तर तिचा पुरता फायदा होत नाही, मग ‘एकीने भागत नाही’ म्हणून दुसरी घेतली जाते. परिणाम पूर्ण दिसायला तीन-चार दिवस लागतात. त्यामुळे आत्ता या क्षणी होणाऱ्या जळजळीवर ही गोळी उपयोगाची नाही, तिथे साधं अँटासिड पुरतं. गोळीवरचं आवरण तिला जठरातल्या आम्लापासून वाचवतं, म्हणून ती चावायची किंवा कुटून द्यायची नाही.

आता दुष्परिणाम. डोकेदुखी, जुलाब, पोटदुखी हे काहींना सुरुवातीलाच जाणवतं आणि बहुधा सौम्य असतं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या औषध नियामकाने या गटातल्या औषधांबाबत २०१० मध्ये हाडं मोडण्याच्या धोक्याचा, २०११ मध्ये रक्तातलं मॅग्नेशियम घटण्याचा आणि २०१२ मध्ये आतड्याच्या एका गंभीर संसर्गाचा इशारा दिला. आपल्या औषध महानियंत्रकांनी २०२० मध्ये मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते ही सूचना माहितीपत्रकात घालायला सांगितली. अशी इजा क्वचित होते, पण गोळी घेताना लघवी कमी झाली, अंगावर पुरळ आलं, ताप किंवा विनाकारण थकवा आला तर डॉक्टरांना लगेच सांगायला हवं. पायात वारंवार गोळे येणं, हात थरथरणं, छातीत धडधडणं यांमागे मॅग्नेशियमची कमतरता असू शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त.

महाराष्ट्रातल्या घरांसाठी मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बी-१२ ची. अन्नातलं बी-१२ मोकळं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. शाकाहारी माणसाच्या ताटात ते मुळातच कमी. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आणखी घटतं, आणि वर ही गोळी दोन वर्षांहून जास्त चालली की तिसरी भर पडते. तळपायाला मुंग्या येणं, तोल जाणं, विसरायला होणं हे आपण वयाच्या माथी मारतो. अशा रुग्णाची बी-१२ ची तपासणी झालीच पाहिजे.

तरी घाबरवून सोडणंही चूक आहे. या गोळीने स्मृतिभ्रंश होतो, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. अशा निष्कर्षांमागचे अभ्यास बहुतेक निरीक्षणाचे आहेत, आणि गोळी घेणारे लोक मुळातच जास्त आजारी व वयस्कर असतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कंपास’ या चाचणीत १७ हजारांहून अधिक हृदयरुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटून पॅन्टोप्राझोल किंवा बिनऔषधी गोळी दिली होती. सुमारे तीन वर्षांत फ्रॅक्चर, न्यूमोनिया, मूत्रपिंडाचा जुना विकार, स्मृतिभ्रंश यांत ठळक फरक दिसला नाही. वाढले ते आतड्याचे संसर्ग : १.० टक्क्यावरून १.४ टक्के. अर्थात तीन वर्षांची चाचणी दहा-पंधरा वर्षांच्या सवयीला हमी देत नाही. गरज असलेल्याने गोळी निर्धास्त घ्यावी, गरज नसलेल्याने थोडाही धोका का पत्करावा, एवढंच यातून निघतं.

मग लोकांना ती सोडवत का नाही? २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी पोटाची कसलीही तक्रार नसलेल्या १२० निरोगी लोकांवर प्रयोग केला. निम्म्यांना आठ आठवडे याच गटातलं इसोमेप्राझोल दिलं आणि मग थांबवलं. पुढच्या काही आठवड्यांत त्यांतल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी असा त्रास झाला. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. पंप दाबून ठेवले की शरीर आम्ल वाढवायचा इशारा देत राहतं, आणि गोळी अचानक थांबली की तो साठलेला जोर उसळून येतो. रुग्णाला वाटतं आजार उलटला, म्हणून तो पुन्हा गोळी धरतो. खरं तर हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा अर्धी करत, मग एक दिवसाआड घेत, मधल्या दिवशी अँटासिडचा आधार घेत बहुतेकांना गोळी सोडता येते.

बहुतेकांना, सगळ्यांना नाही. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे वयस्कर रुग्ण, पूर्वी पोटात रक्तस्राव झालेले, पेनकिलर टाळताच न येणारे, अन्ननलिकेला गंभीर इजा झालेले, यांना ही गोळी वाचवत असते. हा लेख वाचून त्यांनी ती मनाने बंद करू नये. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, कारण त्याचा परिणाम त्यांनी घटतो. थायरॉईडची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तेही सांगायचं. आणि पट्टीवर पॅन्टोप्राझोलसोबत डोम्पेरिडोन हे नाव असेल तर ते दुसरंच औषध आहे, हे लक्षात घ्यायचं. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून युरोपच्या नियामकाने २०१४ मध्ये त्याची मात्रा आणि मुदत दोन्हींवर मर्यादा घातली. ते महिनोन् महिने घ्यायचं औषध नव्हे.

एक धोका मात्र गोळीचा नसून तिच्यावरच्या विश्वासाचा आहे. छातीत जळजळतंय, घाम फुटलाय, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जातंय, आणि घरातले पित्ताची गोळी शोधतायत, असं घडू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. थेट रुग्णालय गाठावं. काळी शौचास होणं, रक्ताची उलटी, घास अडकणं, वजन उतरणं, रक्त कमी होणं यांपैकी काहीही असेल तर गोळीने तक्रार दबेल, पण कर्करोगासारखा आजार आत वाढत राहील. तिथे एंडोस्कोपीला पर्याय नाही.

पट्टीवर ‘आरएक्स’ छापलेलं असतं. तरी चिठ्ठी न मागता ती विकली जाते, हे थांबलं पाहिजे. औषधविक्रेत्याने ‘किती दिवस चालू आहे?’ एवढं विचारलं तरी कित्येकांचं विनाकारण चाललेलं औषध उघडकीस येईल. डॉक्टरांनी तीन दिवसांच्या पेनकिलरसोबत तरुण, धडधाकट माणसाला सवयीने ही गोळी लिहू नये, आणि लिहिली तर थांबवण्याची तारीख घालावी. जुन्या रुग्णाची प्रत्येक भेटीत फेरतपासणी करावी. आणि आपण, रुग्णांनी आणि त्यांच्या मुलासुनांनी, पुढच्या भेटीत सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात आणि न संकोचता विचारावं : डॉक्टर, ही कशासाठी आणि किती दिवस? हा प्रश्न म्हणजे डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे. औषध सुरू करणं जेवढं वैद्यकीय काम आहे तेवढंच ते थांबवणंही आहे, आणि त्यासाठी चिठ्ठीवर एक ओळ जास्त लिहायला लागते.