विश्लेषण : अमेरिकेतले लॉबिंग दिसते, दिल्लीतले का दिसत नाही?

अमेरिकेचे सिनेटर बर्नी मोरेनो यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये ‘हायर’ विधेयक मांडले. अमेरिकी कंपनीने परदेशातून काम करून घेतले, तर त्या रकमेवर २५ टक्के कर, अशी त्यात तरतूद आहे. असा कायदा झाला तर हिंजवडीच्या आयटी पार्कला झळ बसणारच. इथल्या अभियंत्याला तिथे मत नाही. त्याच्या उद्योगाची बाजू मांडते ‘नॅसकॉम’, तीही तिथल्या लॉबिंग कंपन्या नेमून. अमेरिकेत हे कायदेशीर आहे. मात्र १९९५ च्या कायद्यानुसार कोणासाठी, कोणत्या विषयावर आणि किती पैसे घेऊन लॉबिंग केले, हे दर तिमाहीला जाहीर करावे लागते.

दबाव चालतो कसा?

मराठी वाचकांच्या ओळखीचे उदाहरण श्री ठाणेदार यांचे. बेळगावात वाढलेले ठाणेदार २०२१ मध्ये मिशिगनच्या विधानसभेत होते. इस्रायलला मिळणारी अमेरिकी मदत थांबवावी, या ठरावाच्या प्रस्तावकांत त्यांचे नाव होते. २०२२ मध्ये ते अमेरिकी काँग्रेससाठी डेट्रॉइटमधून पक्षांतर्गत निवडणुकीत उतरले. तेव्हा इस्रायलसमर्थक ‘एआयपॅक’शी संलग्न गटाने त्यांच्या प्रतिस्पर्ध्यासाठी ४० लाख डॉलरहून अधिक खर्च केला. ठाणेदार तरीही जिंकले. पदरचे पैसे ओतण्याची ऐपत त्यांच्याकडे होती, प्रत्येकाकडे ती नसते. पुढे मात्र ते इस्रायलचे ठाम समर्थक झाले. हे मतपरिवर्तन प्रामाणिकही असू शकते. पण आपल्याविरुद्ध किती पैसा उभा राहू शकतो, हे एकदा पाहिलेला लोकप्रतिनिधी ते सहजी विसरत नाही. थेट लाच देण्याची मग गरजच उरत नाही.

आपल्याकडे काय?

अमेरिकी पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही, पण तिथे आकडा तरी कळतो. वॉलमार्टने २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले आणि त्याच्या विषयांत भारतातील गुंतवणुकीचा मुद्दाही होता, हे डिसेंबर २०१२ मध्ये आपल्याला समजले, तेही अमेरिकेतील नोंदींवरून. संसदेत गदारोळ झाला, न्या. मुकुल मुदगल यांची चौकशी समिती नेमावी लागली. भारतात मात्र लॉबिंगची नोंद ठेवणारा कायदाच नाही. हिंजवडीतला मतदार ‘नॅसकॉम’चा वॉशिंग्टनमधला खर्च मोबाइलवर पाहू शकतो, आपल्या खासदाराला कोणत्या कंपनीचा प्रतिनिधी भेटून गेला, हे सांगण्याचे बंधन इथे कोणावरही नाही. बिजू जनता दलाचे तत्कालीन खासदार कलिकेश सिंह देव यांनी लॉबिंग उघड करण्याची सक्ती करणारे खासगी विधेयक २०१३ मध्ये आणले होते. त्याचा कायदा झाला नाही.