फॅक्टरीत काय बनत होते?

इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकात एक वाक्य हमखास असते : ईस्ट इंडिया कंपनीने 1613 मध्ये सुरतेला फॅक्टरी सुरू केली. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी विचारतो, ‘या फॅक्टरीत काय बनत होते?’ कुणी कापड म्हणते, कुणी नीळ, तर कुणी थेट तोफा! खरे उत्तर असे की तिथे काहीच बनत नव्हते. माल बनत होता विणकरांच्या घरी. फॅक्टरीत तो विकत घेऊन साठवला जाई आणि जहाज आले की विलायतेला रवाना होई.

मराठी माध्यमातून आलेली मुले इथे सहसा फसत नाहीत, कारण त्यांच्या पुस्तकात ‘वखार’ असते. लाकडाची वखार, कोळशाची वखार आपण पाहिलेली असते. सांगलीत तर अख्खा वखारभाग आहे आणि धान्य साठवणाऱ्या सरकारी महामंडळाचे नावही ‘वखार महामंडळ’ असेच आहे. आपल्या भागातल्या कन्नडमध्येही ‘वखारी’ ओळखीची आहे. ‘उग्राण’ हा तिथला आणखी जुना शब्द.

मग इंग्रजांनी वखारीला फॅक्टरी का म्हटले? लॅटिनमध्ये करणारा तो ‘फॅक्टर’. व्यापारात दुसऱ्याच्या वतीने खरेदी-विक्री करणारा, म्हणजे आपला अडत्या किंवा गुमास्ता, तो फॅक्टर झाला. कंपनीच्या नोकरीत आधी रायटर, मग फॅक्टर, मग मर्चंट अशी बढती असे. हा फॅक्टर जिथे राहतो आणि कारभार करतो ती जागा फॅक्टरी. पोर्तुगीजांनी आधीच आपल्या ठाण्यांना ‘फेयतोरिया’ म्हटले होते, त्याचेच हे भावंड. गणितातला ‘फॅक्टर’, म्हणजे आपला अवयव, हाही त्याच कुळातला.

मात्र वखार म्हणजे नुसते गोदाम समजणेही अपुरे आहे. गोदामात माल असतो. सुरतेच्या वखारीत कंपनीची माणसे राहत, एकत्र जेवत, हिशेब लिहीत, आणि वेळ आली तर बंदुकाही उचलत. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा जॉर्ज ऑक्झेंडेनच्या माणसांनी वखार लढवून राखली. त्याआधी राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या बाजूने तोफगोळे घेऊन पन्हाळ्याखाली आला होता. महाराजांनी 1661 मध्ये राजापूरवर छापा घालून त्याचा जाब विचारला. 1673 मध्ये मराठ्यांनी हुबळी लुटली, त्यात इंग्रजांची तिथली वखारही सापडली. कारवारलाही त्यांची वखार होती. म्हणजे सुरतेचा हा शब्द आपल्या दाराशी फार पूर्वीच आला होता. त्यातला व्यापार आणि सत्ता यांचे मिश्रण ‘वेअरहाऊस’ किंवा ‘गोडाऊन’ या शब्दांत उतरत नाही. जुन्या ‘कोठी’त ते थोडेफार उतरते.

आता ‘कारखाना’ घ्या. हा फारसी शब्द, काम करण्याची जागा असा. मराठी राज्यात अठरा कारखाने होते. त्यांत तोफखाना होता तसा नगारखाना होता, जामदारखाना होता, पीलखानाही होता. हत्ती बांधायच्या जागेत काय उत्पादन होणार? कारखाना म्हणजे तेव्हा सरकारी खाते. पुढे यंत्रे आली. फॅक्टरीने व्यापार सोडला, कारखान्याने दरबार सोडला आणि दोघे एका अर्थाला येऊन मिळाले. कन्नडनेही ‘कार्खाने’ हाच शब्द ठेवला.

तरीही समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी बसतातच असे नाही. इंग्रजीत ‘शुगर मिल’ चालते, पण मराठीत साखरेची गिरणी कुणी म्हणत नाही. गिरणी पिठाची किंवा कापडाची. आपल्याकडे ‘कारखान्याचे गाळप सुरू झाले’ म्हटले की कशाचे, हे विचारावे लागत नाही. सुरतेत तर आजही शब्दांची वाटणी पक्की आहे. हिऱ्याचा कारखाना, रंगाई-छपाईची मिल आणि यंत्रमागाचे ‘खाते’. उधना-लिंबायतकडच्या खानदेशी मराठी कुटुंबांच्या तोंडीही हे शब्द रुळले आहेत. मुंबईच्या गिरणीतही ‘खाते’ होते, पण ते गिरणीचा एक विभाग. सुरतेत मागांचे अख्खे युनिटच ‘खाते’.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. 1948 च्या कायद्यात वीज वापरून दहा किंवा विजेशिवाय वीस कामगार असले की ती जागा फॅक्टरी ठरत असे. 2020 च्या नव्या संहितेने हे आकडे वीस आणि चाळीस केले आणि ती संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. म्हणजे पंधरा माणसांचे खाते जुन्या व्याख्येत फॅक्टरी होते, नव्या व्याख्येत नाही. ‘आस्थापना’ म्हणून काही नियम त्याला लागू राहतात, पण फॅक्टरीसाठी म्हणून असलेले नियम नाहीत. माग तेच, खडखडाट तोच, रात्रपाळीही तीच. सुरतेला असो की इचलकरंजीला, मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने व्याख्येतला एक आकडा म्हणजे पुष्कळ काही.

म्हणून घरात मुले शब्दकोश घेऊन बसली की त्यांना एवढेच सांगावे : समानार्थी शब्दांची यादी पाठ करून भागत नाही. शब्द कोणत्या साली, कोणत्या गावात आणि कुणाच्या तोंडी आला आहे, हे आधी पाहावे. 1613 ची असेल तर वखार लिहावे, आजची असेल तर कारखाना. आणि कायद्याच्या कागदावर असेल, तर आधी माणसे मोजावीत.